महाद्वार रोड, गुजरी आणि चप्पल लाईन : रोजच्या कपड्यांना जोड शोधायची तर

कुर्ते तेच, ऑफिसच्या कॉटनच्या साड्या त्याच, जीन्सही तीच. बदल हवाय तो गळ्यात, कानात, हातात आणि पायात. एवढ्यासाठी कोल्हापुरात बाहेर पडायचं तर अंबाबाईच्या देवळाभोवतीचा बाजार पुरेसा आहे. पापाच्या तिकटीपासून बिनखांबी गणेश मंदिरापर्यंतचा महाद्वार रोड, त्याला लागून भाऊसिंगजी रोडकडे निघणारी गुजरी, आणि शिवाजी चौकाजवळची चप्पल लाईन. तिन्ही ठिकाणं एका संध्याकाळी चालत उरकतात. हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही, या सगळ्या बाजाराचं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. इथे पैसे वसूल होतात ते हातच्या कामात. ट्रेंडमधली कानातली, सेट, स्टोल ऑनलाइनही मिळतात आणि कधीकधी स्वस्त मिळतात. पण ठुशी गळ्याच्या मापाने गाठवून देणारा, बांगडी मनगटाकडे बघून काढून देणारा कासार, चपलेचा अंगठा सैल करून देणारा कारागीर, ही माणसं पार्सलमधून येत नाहीत. रोज वापरायची वस्तू अंगाला नीट बसली नाही तर चार दिवसांत कपाटात जाते, मग ती कितीही फॅशनची असो. म्हणून या बाजारात जे अंगाला बसवून मिळतं ते घ्यावं, बाकीचं बघून सोडून द्यावं.

चप्पल लाईन

आत शिरलं की दोन्ही बाजूंनी "या ताई, घालून तर बघा" सुरू होतं. बघावं, घालावं, पण पहिल्या दुकानात भाव करू नये. तोच नमुना पुढे दोन-तीन ठिकाणी हातात घेतला की मालातला फरक बोटांना कळायला लागतो.

आधी जोड उलटा करून तळाची कड बघा. खऱ्या कोल्हापुरीचा तळ चामड्याच्या थरांचा असतो. ते थर कडेला ओळीने दिसतात आणि कापलेल्या जागी बारीक तंतू सुटलेले असतात. रेक्झिनची कड वेगळी दिसते, वर रंगीत पातळ पापुद्रा आणि खाली विणलेलं कापड किंवा फोम. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे वरचा पट्टा चामड्याचा आणि तळाच्या दोन थरांमध्ये पुठ्ठा. तो नुसता बघून कळत नाही, वाकवून कळतो. चामड्याचा तळ वाकवून सोडला की हळूहळू सरळ होतो, पुठ्ठ्याला मात्र घडीची रेघ पडते ती पडतेच. पॉलिश न केलेल्या तळाला ओलं बोट लावलं तर चामड्यावर डाग गडद होतो आणि पाणी जिरतं, रेक्झिनवर ते तसंच राहतं.

मग शिवण. पारंपरिक जोडात खिळा नसतो, थर चामड्याच्या वादीने किंवा जाड दोऱ्याने शिवलेले असतात. काही जोडांना वरून टाके दिसतात पण ते शोभेचे असतात, आतले थर नुसते चिकटवलेले. टाका वरून खाली आरपार गेलाय का ते तळाकडून बघा. चिकटवलेला जोड पहिल्या ओलीत पुढच्या बाजूने तोंड उघडतो.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे कर्नाटकातले, असे आठ जिल्हे आहेत. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडून आलेला जोड इथे कोल्हापुरी म्हणून विकला तर त्यात लबाडी नाही. रेक्झिनचा विकला तर आहे.

जून २०२५ मध्ये मिलानमधल्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीच्या घाटाच्या सँडल दाखवल्या. श्रेय दिलं नाही म्हणून गदारोळ झाला आणि मग या सँडलमागची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं कंपनीने मान्य केलं. त्या वादातलं बाकी सगळं सोडा, रोजच्या कपड्यांसाठी त्यातून उचलण्यासारखी गोष्ट एकच: तिथला जोड साधा होता. आपल्याकडे मात्र पहिल्यांदा चप्पल घेणारा माणूस हमखास गोंडा, जर आणि तीन रंगांची वेणी असलेला जोड उचलतो. तो लग्नात शोभतो. सोमवारी ऑफिसला निळ्या कुर्त्यावर घातला तर कपडे आणि चप्पल यांचं भांडण लागतं.

रोजच्यासाठी नैसर्गिक रंगाचा जोड घ्यावा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याचा पिवळसर तपकिरी रंग इंडिगोवर, पांढऱ्यावर, हिरव्यावर, काळ्यावर, सगळ्यांवर चालतो आणि वापरून गडद होतो तेव्हा आणखी बरा दिसतो. रंगीत हवाच असेल तर पांढरा रुमाल ओला करून पट्ट्यावर जरा जोरात घासा. रुमालाला रंग आला तर तोच रंग टाचांना आणि सलवारीच्या कडेला येणार. सोनेरी फॉइलचे जोड बोटांच्या मागे जिथे तळ वाकतो तिथे आधी सोलतात. ते दोन-चार समारंभांपुरतेच समजावेत.

माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजलेले असतात. टाच तळाच्या काठाच्या दोन-तीन मिलिमीटर आत राहिली पाहिजे. चामडं रुंदीला सैल होतं, लांबीला वाढत नाही. म्हणून पट्टा थोडा घट्ट असेल आणि दुकानदार "बसेल हो चार दिवसांत" म्हणाला तर ते खरं आहे. टाच बाहेर येत असताना तेच म्हणाला तर नाही. अंगठ्याच्या कडीत अंगठा मुळापर्यंत आरामात गेला पाहिजे. पहिले फोड बहुतेक तिथेच येतात. कडी घट्ट वाटली तर तिथल्या तिथे सांगा, लाकडी दांडा घालून ती सैल करून देतात. सगळ्या दुकानांत हे काम होतं असं नाही, पण जिथे मागे कारागीर बसलेला असतो तिथे पाच मिनिटांत होतं. दोन दुकानांत सारखाच माल असेल तर कारागीर असलेलं दुकान निवडावं, भाव थोडा जास्त असला तरी.

नवा जोड घरी आणला की पट्ट्याच्या आतल्या बाजूला आणि अंगठ्याच्या कडीला खोबरेल किंवा एरंडेल तेलाचं बोट फिरवायचं आणि रात्रभर ठेवायचं. असं दोन-तीन रात्री करावं. तेल थेंबाने, वाटीने नव्हे. जास्त तेल मुरलं की चामडं मऊ पडून पट्टा ताणला जातो आणि मग चप्पल पायातून निसटते. सुरुवातीला घरातच तासभर घालावी.

चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर घसरतो. ऑफिसात टाइल्स असतील, जिने उतरावे लागत असतील तर खाली तीन-चार मिलिमीटरचा रबर सोल मारून घ्यावा. झीजही वाचते. फक्त सोल चिकटवल्यावर जोड रात्रभर दाबून ठेवायला सांगा, अर्ध्या तासात हातात दिला तर टाचेकडून सुटतो. रबर लावल्यावर एक तोटा होतो. तळ खालून बंद होतो आणि भिजलेली चप्पल वाळायला फार वेळ लागतो. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात चामडं बाहेर काढायचंच नाही हे एकदा ठरवलं की हा तोटा उरत नाही. चुकून भिजली तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, चामडं कडक होऊन तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, सावलीत, आडवी करून वाळवावी आणि बोळे ओले झाले की बदलावेत. वाळल्यावर तेलाचं एक बोट.

गुजरी आणि तिच्या आजूबाजूची खोट्या दागिन्यांची दुकानं

गुजरी ही सराफांची पेठ. सोनं घ्यायचं असेल तर दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, बघावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या विक्रीला तो बंधनकारक आहे आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो टाकून तपासता येतो. रोजच्या कपड्यांवर उठून दिसायला मात्र सोन्याची गरज नाही. चांदी आणि खोटे दागिने यांवरच पुढे बोलू.

कोल्हापुरी साजाचं आकर्षण सगळ्यांना असतं. पूर्ण साजात २१ पानं: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणिक, एक पाचू आणि एक ताईत. खऱ्या साजाची पानं आतून लाखेने भरलेली असतात, त्यामुळे तो गरम पाण्यात घालून स्वच्छ करायचा नसतो. कॉटनच्या साध्या साडीवर पूर्ण साज रोज घालणं म्हणजे जेवणाच्या डब्यात पुरणपोळीच रोज. त्यापेक्षा साजातली एक-दोन पानं घेऊन केलेली कानातली किंवा बारीक साखळीत एकच पान, हे गेल्या काही वर्षांत सगळीकडे दिसू लागलं आहे आणि ते खरंच कामाचं आहे. चंद्र, मासा, बेलपान, भुंगा हे आकार लहान झाले तरी ओळखू येतात. दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी लहान केला की नुसता ठिपका दिसतो, तो नको.

रोजच्यासाठी सगळ्यात उपयोगी पडते ती ठुशी. मागे गोंड्याची दोरी असल्याने तीच एक ठुशी साडीवर गळ्याला लागून आणि कॉलर नसलेल्या कुर्त्यावर दोन बोटं खाली, अशी दोन्हीकडे घालता येते. घेताना दोरी ओढून बघा. सरकगाठ सैल असेल तर दिवसभरात ठुशी आपोआप खाली येते आणि मणी एका बाजूला फिरतात. बरोबर बसलेल्या ठुशीखाली एक बोट जातं, दोन जात नाहीत. मण्यांची वीण मधे वाकवली तर आतला दोरा दिसता कामा नये. दिसला तर मणी सैल गाठवलेत आणि वीण लवकरच लोंबायला लागेल. घाम आणि तेलाने दोरी काळी पडते तेव्हा पूर्ण ठुशी बाद समजण्याचं कारण नाही. याच भागात मंगळसूत्रं, माळा गाठवून देणारे बसतात, त्यांच्याकडून दोरी बदलून घ्या. लाल दोरीऐवजी काळी किंवा बाटली हिरवी घातली की तीच ठुशी नव्याने वापरात येते. या एका कामासाठीसुद्धा इकडे यायला हरकत नाही.

काउंटरवर फॉर्मिंग, वन ग्रॅम, मायक्रो पॉलिश असे शब्द ऐकू येतील. ही विक्रेत्यांची नावं आहेत, मालाच्या दर्जाची मापं नव्हेत. दोन दुकानांतल्या वन ग्रॅममध्ये मुलामा सारखाच असेल याची खात्री नाही. विचारायचे प्रश्न दोनच. खाली धातू कोणता, पितळ-तांबं की हलका मिश्रधातू? आणि पुन्हा पॉलिश करून देता का, काय घेता? पितळेवरचा मुलामा उतरला तर पुन्हा चढवता येतो. हलक्या मिश्रधातूच्या वस्तूचा मुलामा उतरला की खाली करडा रंग दिसतो आणि तिला पुन्हा पॉलिश करण्यात अर्थ नसतो. तोंडी सहा महिन्यांच्या गॅरंटीपेक्षा बिलावर "पॉलिश करून मिळेल" हे तीन शब्द लिहून घेणं बरं.

मुलामा उतरण्याची कारणं ठरलेली: घाम, अत्तर, साबण आणि एकाच पिशवीत सगळं कोंबणं. अत्तर आधी मारावं, ते वाळल्यावर दागिना घालावा. काढल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसून प्रत्येक वस्तू वेगळ्या लहान पिशवीत ठेवावी. चांदीबरोबर पिशवीत खडूचा तुकडा टाकला तर तो ओल शोषतो आणि काळेपणा उशिरा येतो.

एक तपासणी फारसं कुणी करत नाही. पर्समध्ये कापसाचा बोळा ठेवा आणि खोट्या दागिन्याच्या मागच्या बाजूने फिरवा. साच्यात दाबून काढलेल्या पानांच्या कडा घासलेल्या नसतील तर कापसाचे धागे अडकतात. मलमलचा स्टोल किंवा शिफॉनची ओढणी तिथेच अडकणार आणि धागा ओढला जाणार.

ऑक्सिडाइज्डचे ढीग इथे भरपूर आहेत आणि काळ्या, करड्या, इंडिगो, मातकट रंगांवर ते शोभतात. पण "जर्मन सिल्व्हर" या नावात चांदी असली तरी धातूत नसते. तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. ज्यांच्या कानाला खाज सुटते त्यांना बहुधा निकेलचा त्रास असतो. कानातली आवडली असतील तर तारेचा हुक काढून चांदीचा बसवून घ्या, गुजरीत हे काम होतं. घरगुती उपाय म्हणून हुकाला पारदर्शक नेलपॉलिश लावतात. ते थोडे दिवस टिकतं, निघालं की पुन्हा लावावं लागतं.

चांदी हवी असेल तर हातकणंगले तालुक्यातलं हुपरी हे चांदीच्या कामाचं मोठं गाव जवळच आहे आणि तिथला माल गुजरीतही मिळतो. रोजच्या जीन्सवर बारीक पैंजण, एकाच पायात, आवाज न करणारं, हे दिसायला छान आहे. घुंगरू लावलेलं ऑफिसात नको. चप्पल आणि पैंजण दोन्ही घालणार असाल तर पैंजण घोट्याच्या हाडाच्या वर राहील एवढं आखूड घ्या, खाली आलं की चपलेच्या पट्ट्यावर घासून पॉलिश जातं.

कान टोचलेले नसतील तर क्लिपची बुगडी चांगली. ती कानाच्या वरच्या कडेला बसते आणि खालच्या कानातल्याशिवायही पुरी दिसते. क्लिपची नथ घेताना मात्र घालून दोन मिनिटं बोला, हसा. तार फार दाबली तर नाक लाल होतं, फार सैल असेल तर बोलताना पडते. तार हाताने वाकवून देतात, ती तिथेच वाकवून घ्या.

गळ्याचा हिशोब सोपा आहे. बंद गळा किंवा कॉलर असेल तर गळ्यात काही अडकवू नका, किंवा थेट छातीपर्यंत येणारी मोहनमाळ किंवा बोरमाळ घाला. बोट नेकवर गळा मोकळा आणि कानात मोठे झुमके. व्ही गळ्यावर १६ ते १८ इंचांची साखळी, पान व्हीच्या टोकाच्या दोन बोटं वर राहील अशी. स्टोल घेणार असाल तर हार काढूनच ठेवा आणि कानात कुडी घाला. लोंबती कानातली स्टोलमध्ये अडकतात आणि दिवसभर हात तिथेच जातो.

कासार

बांगडीच्या मापाचा दुसरा आकडा इंचाचा सोळावा भाग सांगतो. २-४ म्हणजे सव्वादोन इंच, आतला व्यास सुमारे ५७ मिलिमीटर. २-२ म्हणजे ५४, २-६ म्हणजे साधारण ६०, आणि २-८ म्हणजे अडीच, ६३.५ मिलिमीटर. घरी माप काढायचं तर अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकवून हात निमुळता करा, सगळ्यात रुंद जागी टेपने घेर घ्या आणि ३.१४ ने भागा. घरातली नीट बसणारी बांगडी मोजपट्टीवर आतून आत मोजली तरी भागतं.

काचेच्या आणि धातूच्या बांगड्यांना एकच माप चालत नाही. धातूची बांगडी थोडी ओढून बसते, काचेची फुटते. दोन मापांच्या मधे असाल तर काचेची मोठी घ्यावी आणि दोन्ही टोकांना एकेक धातूचं घट्ट कडं घालावं, म्हणजे बांगड्या मनगटावर राहतात. रोजच्या कपड्यांसाठी हातभर चुडा नको. एकाच हातात सहा, त्यात दोन रंग, दोन्ही टोकांना धातूचं कडं आणि दुसऱ्या हातात घड्याळ. संगणकावर काम करणाऱ्यांनी उजवा हात मोकळा ठेवावा, काच टेबलाच्या कडेवर आपटून फुटते.

जुने कासार हात दाबून पाहिल्याबरोबर माप सांगतात. मॉलच्या काउंटरवर हे होत नाही. डझनाची बांधणी सोडायला लावून मोजून घ्या, मधे एखादी चिरलेली निघते. बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवल्या की चिरलेलीचा आवाज बद्द येतो.

खण, पर्सा, स्टोल

खणाच्या पर्सा आणि पट्टे अजून जोरात आहेत. खण मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. पर्समध्ये वापरलेला खण बऱ्याचदा पॉलिस्टर मिश्र असतो, त्याला वाईट म्हणायचं कारण नाही, पर्सला तो उलट टिकाऊ पडतो. चेन बघा. दहा वेळा उघडून मिटून पाहावी, कोपऱ्यावर अडकली तर रोज अडकणार. आतल्या अस्तराची शिवण उलटवून बघावी, तळाला आतून जाड पट्टी हवी, नाहीतर फोन आणि डबा ठेवल्यावर पर्स मधून लोंबते. आत पुठ्ठा किंवा फ्यूजिंग (कापड कडक ठेवणारं चिकट अस्तर) असतं म्हणून पर्स धुता येत नाही. मळखाऊ रंग निवडावा. पावसाळ्यात नको.

स्टोलबाबत हा बाजार सुमारच. इचलकरंजीसारखं कापडाचं गाव इतक्या जवळ असून चांगलं सुती कापड स्टोलच्या स्वरूपात इथे फार कमी दिसतं, आणि जे लटकवलेलं असतं त्यातलं बरंच व्हिस्कोस असतं, जे दोन धुण्यांत गोळे धरतं. मलमलचं दोन मीटर कापड घेऊन शिंप्याकडून कडा दुमडून घेतल्या तर त्यापेक्षा चांगला स्टोल होतो.

ऋतूप्रमाणे

पावसाळ्यात चामडं, खण, मखमल आणि लांब झुमके बंद. रबराच्या, कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला मिळतात, त्या घ्याव्यात. दिसायला नव्वद टक्के तशाच. मोठ्या फुलांची किंवा एका रंगाची छत्री हाच त्या चार महिन्यांचा खरा दागिना. बाकी सगळं रेनकोटखाली झाकलं जातं.

श्रावणात हिरवी काच. नवरात्रात नऊ रंगांचं वेड असतं आणि ते दरवर्षी बदलतं, त्यामुळे रंगाप्रमाणे नऊ स्टोल किंवा नऊ कानातली घेणं हा निव्वळ खर्च आहे. नऊ रंगांच्या बांगड्या अर्धा-अर्धा डझन घ्या. पैसे कमी, जागा कमी आणि वर्षभर इतर कपड्यांवरही चालतात. खरेदी घटस्थापनेच्या आधी आठवडाभर उरकावी. एकदा नवरात्र सुरू झालं की महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते आणि कासाराला हात दाबून बघायलाही वेळ नसतो. संक्रांतीला काळ्या साडीवर ऑक्सिडाइज्ड सेट उत्तम.

उन्हाळ्यात मोगरा. देवळाच्या आजूबाजूला गजरे विकणाऱ्यांकडे तो हाताच्या मापाने मिळतो आणि कॉटनच्या फिकट साडीवर याच्याइतकं स्वस्त आणि याच्याइतकं चांगलं काही नाही. सकाळी ऑफिसला घालायचा तर कळ्या अर्ध्या मिटलेल्या असाव्यात, दुपारपर्यंत उमलतात. पूर्ण उमललेला गजरा दुपारी तपकिरी पडतो. आदल्या संध्याकाळी घेतला तर ओल्या केळीच्या पानात गुंडाळून ठेवावा, पाणी शिंपडून डबा बंद केला तर काळा पडतो. एकाच पिनेवर लटकवू नये, दोन्ही टोकांना यू पिन आणि मधे एक. शेवंती आली की मोगऱ्याची आठवण काढत बसू नये, दिवाळीत गडद रंगांवर पिवळी शेवंतीच शोभते.

पुरुषांसाठी सांगण्यासारखं थोडं आहे. साध्या शर्टावर चांदीचं पातळ कडं आणि नैसर्गिक रंगाचं पायताण. जीन्सची कड घोट्याच्या वर एक घडी दुमडावी. लांब जीन्स पट्ट्यावर पडली की पायताण दिसतही नाही आणि कड टाचेखाली येऊन फाटते. कमरेचा पट्टा घ्यायचा तर चपलेच्या रंगाच्या एक छटा गडद घ्या, तंतोतंत जुळवू नका.

जाण्यायेण्याचं आणि भावाचं

गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला लावून चालत यावं. महाद्वार रोडवर दुचाकी लावायची जागा शोधण्यात खरेदीचा वेळ जातो. शनिवार-रविवार आणि पौर्णिमा टाळा. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात त्या किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, सूर्यास्ताच्या सुमारास देवळाकडे गर्दी होते, तेव्हा खरेदी दुपारी उरकावी. तसंही दागिन्याचा रंग दिवसाउजेडीच बघायला हवा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक मुलामा सोन्यासारखा दिसतो. वस्तू घेऊन दारापर्यंत यायला कुणी नाही म्हणत नाही.

भाव चप्पल लाईनमध्ये होतो, रस्त्यावरच्या खोट्या दागिन्यांत जास्त होतो, कासाराकडे जवळजवळ होत नाही आणि गाठवणाऱ्याशी करू नये. "शेवटचं किती?" असं विचारून गप्प राहिलं की बहुतेकदा आकडा खाली येतो. त्याच्या खाली अजून हवं असेल तर रबर सोल किंवा हुक बदलणं फुकट मागावं, रोख सूट मिळण्यापेक्षा ते लवकर मिळतं.

कानातली स्वच्छतेच्या कारणाने कुणी परत घेत नाही, म्हणून हुक आणि फिरकी तिथेच तपासा. चप्पल बदलून मिळते, पण तळाला मातीचा डाग नसेल तरच. घरी पहिल्यांदा घालून बघताना खाली वर्तमानपत्र किंवा सतरंजी टाकावी आणि बिल खोक्यातच ठेवावं.